तातडीने मदत हवी: रात्रभर ओट्यावर राहिलेला मसालेभात खायचा की टाकायचा?

खाडीकाठ (रविवार, सकाळी ८.१०)

काल रात्री आमच्याकडे ऐरोलीला मावसबहिणीचं केळवण होतं. तुळशीचं लग्न लागलं की लगेच तिचं. चौदा जण येणार म्हणाले, आईने वीस जणांचा अंदाज धरला, आले दहा. साडेसातला स्वयंपाक उतरला, जेवणं उरकायला साडेदहा झाले आणि गप्पा मारून एक वाजता सगळे आडवे. फ्रिजमध्ये मठ्ठा, श्रीखंड आणि मिठाईचे डबे कोंबलेले. बाकीचं ‘सकाळी बघू’ म्हणून ओट्यावर झाकून ठेवलं. खाडीचे डास येतात म्हणून खिडकी बंद, त्यात हा ऑक्टोबरचा उकाडा.

उरलंय ते असं: मोठं पातेलं अर्धं भरून मसालेभात (वर ओलं खोबरं पेरलेलं), अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी, कोथिंबीर वडीचे वाफवलेले पण न तळलेले उंडे, पुऱ्या आणि पाकातले गुलाबजाम.

आई म्हणते वास चांगला आहे, दणदणीत वाफ आणली की झालं. बायको म्हणते सगळं फेका. मी गॅलरीत येऊन हे टाइप करतोय. त्यात आईने मधला मार्ग काढलाय: ‘तुम्हाला नको ना, मग कामाच्या मावशींना देते, त्यांच्या घरी खाणारी तोंडं आहेत.’ मावशी साडेनवाला येतात. मला हे पटत नाहीये, पण आईला सांगायला धड कारण हवं. ‘नेटवर वाचलं’ आमच्याकडे चालत नाही.

गवतीचहा (८.१६)

चटणी आत्ताच्या आत्ता टाका, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. ओलं खोबरं या हवेत रात्रभर टिकत नाही. पुऱ्या खुशाल खा, चहाबरोबर मस्त लागतात. भाताचं जाणकार सांगतील, पण मी असते तर टाकला असता.

शिळासम्राट (८.२१)

कमाल आहे. आमची अख्खी पिढी रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देऊन खात मोठी झाली. कोणाच्या घरी फ्रिज होता तेव्हा? वास घ्या, बोटाला तार लागतेय का बघा, नसेल तर खा. अन्न टाकायला जीव कसा होतो तुमचा?

चवतपासनीस (८.३४)

महापेला एका कंपनीच्या कँटीनचं अन्न तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे जितका वेळ राहील तितके त्यात जंतू वाढतात. बाहेर ठेवायची मर्यादा साधारण दोन तास धरतात, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. तुमचं अन्न बारा तासांच्या वर बाहेर आहे.

आता आईंच्या उकळीबद्दल. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे कवच घालून झोपलेला जंतू. भात शिजताना ते मरत नाहीत. भात कोमट झाला की जागे होतात, वाढतात आणि त्यांच्यातले काही भातात विष सोडतात. तुम्ही पुन्हा वाफ आणलीत की जंतू मरतील, पण विष तसंच राहील. ते कुकरच्या शिट्यांनाही दाद देत नाही. हेच आईंना सांगा: उकळीने चोर मरतो, पण त्याने पेरलेलं विष घरातच राहतं. शिवाय या विषाला वास नाही, चव नाही. तार सुटणं, आंबूस वास येणं ही बऱ्याचदा दुसऱ्याच जंतूंची करामत असते. म्हणजे वास आला तर टाकायचंच, पण नाही आला म्हणून खायचं असं नाही.

वडीचे उंडे हाताने मळलेले. हातावरच्या, नाकातल्या जंतूंचंही असंच न मरणारं विष असतं. टाका. फदफद्यात चिंच आहे, पण तेवढ्या आंबटपणावर ते रात्र काढत नाही. भाजीही गेली. गुलाबजाम मात्र पाकात पूर्ण बुडालेले असतील तर आता फ्रिजमध्ये ठेवा, दाट पाकात जंतूंना प्यायला पाणी उरत नाही.

एक बघून सांगा: भाताच्या मधोमध भातवाढी खुपसा. थंड लागतोय का?

खाडीकाठ (८.४७)

बघितलं. वरचा थर गार आहे, आत मधे अजून कोमट! झाकणाला आतून पाण्याचे थेंब.

आणि दुसरी भानगड. बाबांनी सात वाजताच त्यातला वाटीभर भात तव्यावर परतून खाल्लाय, आत्ता कळलं. वय ६८, रक्तदाबाची गोळी चालू आहे. काय करू?

चवतपासनीस (८.५५)

घाबरू नका, प्रत्येक वेळी बाधतंच असं नाही. उलटीचा प्रकार असेल तर अर्ध्या ते सहा तासांत कळतं, जुलाबाचा असेल तर सहा ते पंधरा तासांत. बहुतेक वेळा दिवसभरात आपोआप ओसरतं. घरात ओआरएसची पुडी आणून ठेवा. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, आणि त्रास सुरू झालाच तर घोट घोट द्यायचं. पाणीही पोटात ठरत नसेल, शौचाला रक्त पडलं, ताप चढला, लघवी कमी झाली किंवा चक्कर आली तर थेट डॉक्टरकडे. वय आणि गोळी बघता जरा लवकरच जा. जुलाब थांबवायची गोळी मनाने देऊ नका.

कोमट मध्यभागाचं म्हणाल तर तेच मोठ्या पातेल्याचं दुखणं. दही लावायला आपण जशी ऊब देतो, तशी ऊब तुम्ही त्या जंतूंना रात्रभर दिलीत.

शिळासम्राट (९.०२)

ठीक, पटलं थोडंसं. पण मग आम्ही कसे वाचलो?

गवतीचहा (९.०९)

तुमच्या घरी पातेलंभर भात उरायचा का? माझ्या आजीकडे वाटी-दोन वाट्या उरायचा. तोही ती ताटात पसरून, गार करून जाळीच्या कपाटात ठेवायची. आणि कोणाचं पोट बिघडलं तर भाताला दोष कोण द्यायचं? ‘काल कैऱ्या खाल्ल्यास’ म्हणून धपाटा मिळायचा.

मावशींचं मात्र स्पष्ट सांगते. जे आपल्या पोराला देणार नाही ते त्यांच्या पोराला द्यायचं नाही. द्यायचंच तर पुऱ्या आणि फ्रिजमधलं श्रीखंड द्या.

कोपरीकर (९.४०)

पुढच्या वेळी गॅस बंद केल्यावर तासाभरात उरलेला भात परातीत पसरा, पंख्याखाली धरा आणि बोटाएवढ्या थराने पसरट डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. श्रीखंड आत राहू द्या, पण ती मिठाई बाहेर काढली असतीत तर जागा झाली असती.

खाडीकाठ (दुपारी ३.२०)

उशिरा कळवतोय. बाबा ठणठणीत आहेत, आठ तास होऊन गेले. अजून लक्ष ठेवून आहे. स्वतः ते मात्र गुलाबजाम मागताहेत.

आईला उकळी आणि चोराचं सांगितलं. ती म्हणाली, ‘तुमच्या कँटीनला काय कळतंय.’ तेवढ्यात मावशी आल्या. आईने पातेलं पुढे केलं. त्यांनी झाकण काढलं, भातवाढी तळापर्यंत घालून एकदा फिरवली आणि वर उचलली. मधल्या शितांना बारीक तार. ‘आजी, उतरलाय हा. मला नको, कुत्र्यालाही घालू नका.’ आई काही बोलली नाही. पातेलं तिनेच हिरव्या बादलीत रिकामं केलं, वरचे काजू बघत बघत.

मावशी पुऱ्या आणि अर्धा किलो श्रीखंड घेऊन गेल्या. आता आईने मला परात आणायला पिटाळलंय, कालच्या पातेल्याच्या मापाची म्हणे. ऐरोलीत एवढी मोठी स्टीलची परात कुठे मिळेल?