युरोपीय वाईन चाखता चाखता माझी चव बदलली, की केवळ मत बदलले?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. गेली काही वर्षे आम्ही काही स्नेही एकत्र जमून युरोपातील निरनिराळ्या प्रांतांच्या वाईन चाखत आहोत. माझी वाईनशी ओळख झाली ती आपल्या भागातल्या किंचित गोडसर शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाईनने आणि ओकच्या पिंपात मुरलेल्या शिराझ या लाल वाईनने. त्या काळात चाखलेली फ्रान्सची पांढरी शाब्ली मला नुसती आंबट वाटली होती, इटलीच्या लाल बारोलोच्या पहिल्या घोटाने तोंड कोरडे पडले होते, आणि स्पेनमधील हेरेसच्या फिनो शेरीचा वास तर मला वाईनचा वाटलाच नव्हता.

आज मी फिनो आवर्जून मागते. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातील पांढरी रिसलिंग, फ्रान्समधील ल्वार नदीच्या मुखाजवळची पांढरी मस्कादे आणि तिथल्याच शिनाँची लाल काबर्ने फ्राँ या वाईन मला मनापासून आवडतात. मात्र ज्या शेनिन ब्लाँने मला या वाटेवर आणले, ती आता जड आणि गोड वाटते, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण ज्या मातीत मी वाढले तिच्या फळाविषयी ही भावना आहे.

माझा प्रश्न असा आहे की, जिभेच्या संवेदनेत खरोखर बदल झाला आहे, की जाणकारांची स्तुती ऐकून आणि बाटलीवरचे नाव वाचून मी आवडून घ्यायला शिकले आहे? हे दोन्ही वेगळे ओळखण्याचा काही मार्ग आहे का? आणि शाब्लीला आंबट म्हणणारी पूर्वीची मी आणि आजची मी, यांपैकी कोणाचा निवाडा अधिक ग्राह्य मानावा?

उत्तर १ (वाईन प्रयोगशाळेत काम करणारा, नाशिक)

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे निदान काही अंशी तपासून पाहता येते. बोर्दोमध्ये मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिय या संशोधकांनी वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन गंधहीन लाल रंग मिसळून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वर्णनासाठी प्रामुख्याने लाल वाईनचे गंधवाचक शब्द वापरले. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या विद्यार्थ्यांचे शिक्षण कमी पडले असा त्याचा अर्थ मी घेत नाही. डोळ्यांनी दिलेली सूचना नाकापर्यंत पोहोचते, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते. रंग जर इतके करू शकतो, तर नाव, किंमत आणि प्रांताची कीर्ती काय करत असतील याचा विचार करावा.

यासाठी आमच्या कामात त्रिकोणी चाचणी वापरतात. तीन सारखे पेले घ्यावेत, दोघांत एक वाईन आणि तिसऱ्यात दुसरी ओतावी, ओतणारा आणि चाखणारा वेगळा असावा, आणि वेगळा पेला कोणता तेवढेच सांगावे. आवडीचा प्रश्न त्यानंतरचा. जो फरक झाकलेल्या पेल्यांत पुन्हा पुन्हा सापडतो, तो आपल्या इंद्रियांचा आहे असे मानायला हरकत नाही.

वय, औषधे, सर्दी किंवा कोविडनंतर मंदावलेले घ्राण यांचाही परिणाम होतो, त्यामुळे तिकडेही लक्ष असावे. शिवाय माणसामाणसांत मुळातच फरक असतो. शिराझमधील मिरीचा गंध ज्या रोटंडोन या द्रव्यामुळे येतो, ते ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये ओळखले. त्यांच्या चाचणीत सुमारे पाचव्या हिश्श्याच्या लोकांना ते बऱ्याच अधिक प्रमाणातही जाणवले नाही. आपल्या गटातील एखादा स्नेही शिराझमध्ये मिरी नाही म्हणत असेल, तर त्याला शिकवत बसू नये.

उत्तर २ (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका)

ताई, तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला मोलाची वाटली आणि तिच्याकडे तुम्ही स्वतः पुरेसे पाहिलेले नाही. तुम्हाला शेनिन ब्लाँ गोड वाटते, पण मोझेलची रिसलिंग आवडते. ही रिसलिंग जर काबिनेट या हलक्या जर्मन प्रकारची आणि कमी अल्कोहोलची, म्हणजे आठ-नऊ टक्क्यांच्या आसपासची असेल, तर तिच्यात लिटरमागे ४० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक साखर राहिलेली असू शकते. आपल्याकडच्या बऱ्याच गोडसर शेनिनमध्ये साखर याहून कमी असते. म्हणजे गोडी तुम्हाला नकोशी झालेली नाही. गोडीला तोलून धरणारी आम्लता तुम्हाला कळू लागली आहे, आणि ती जिथे कमी असते तिथे उरलेली साखर उघडी पडते. हा बदल कीर्तीमुळे झाला असे मला वाटत नाही, कारण बाटलीवरच्या नावाने साखर झाकली जात नाही.

आता आम्लता कमी का, तेही सांगतो, म्हणजे आपल्या मातीवर विनाकारण दोष येणार नाही. मोझेल साधारण ५० अक्षांशावर आहे आणि नाशिक २० वर. तिथे द्राक्ष पिकते ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, दिवस थंड होत जातात तेव्हा. आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते आणि वाईनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे मणी पिकत असताना ऊन चढत जाते. उष्णतेत मण्यातले मॅलिक आम्ल श्वसनात लवकर खर्च होते. आम्ल राखण्यासाठी लवकर काढणी करावी तर गंध पुरता उतरलेला नसतो, आणि गंधासाठी थांबावे तर आम्ल जाते. दर हंगामात घड चाखून, ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजून, याच दोन गोष्टींमध्ये दिवस ठरवावा लागतो. काढणी पहाटे केली आणि माल लगेच थंड केला, तर बराच फरक पडतो. वाईनरीत टार्टारिक आम्ल घालून तोल सावरता येतो, पण वेलीवर राहिलेल्या आम्लाची सर त्याला येत नाही, असे माझे मत आहे.

म्हणून तुम्ही कोरड्या, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेल्या प्रकारची, हंगामाच्या सुरुवातीला काढलेल्या द्राक्षांची शेनिन शोधून पाहा. तुमच्या आजच्या चवीला ती जवळची वाटेल, असे मी विश्वासाने सांगू शकतो.

उत्तर ३ (पाककलेची अभ्यासक, नाशिक रोड)

पहिल्या उत्तरातील चाचणी उपयोगी आहे, परंतु तिच्याने पूर्ण निवाडा होईल हे मला पटत नाही. फ्रान्सच्या जुरा प्रांतातील व्हँ जोन ही वाईन सहा वर्षांहून अधिक काळ, पिंपाची वरची जागा न भरता, यीस्टच्या पातळ थराखाली मुरते. फिनोही अशाच थराखाली, फ्लोरखाली, तयार होते आणि तिचा तो बदामासारखा, हिरव्या सफरचंदासारखा गंध त्यातूनच येतो. हे माहीत झाल्यावर तो गंध बिघाडाचा वाटेनासा होतो आणि आपण त्यात उतरू शकतो. अशा आवडीला उसनी का म्हणावे? शास्त्रीय संगीतात कान तयार होतो तेव्हा तो कोणी फसवलेला कान मानत नाही.

माझी खरी सूचना मात्र जेवणाविषयी आहे. तुमच्या बैठकीत वाईन बहुधा नुसतीच चाखली जात असावी. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर बारोलो घेतली, तर तिखटामुळे टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणाऱ्या द्रव्यांचा, तुरटपणा आणि अल्कोहोलची जळजळ दोन्ही वाढतात. त्याच ताटाबरोबर तुमची जुनी गोडसर शेनिन तिखटाला निववते आणि स्वतःही हलकी वाटू लागते. उलट तळलेल्या बोंबलांबरोबर फिनो इतकी शोभते की स्पेनमधल्या कादिसच्या किनाऱ्यावर तळलेल्या माशांबरोबर ती का पितात, ते एका घासात समजते. पूर्वीची तुम्ही बहुधा जेवणाच्या ताटावर निवाडा करत होता आणि आजची तुम्ही पेल्यावर, त्यामुळे दोघींपैकी एकीला बाद करण्याची गरज मला दिसत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. साखर आणि आम्लता यांचा मुद्दा माझ्या ध्यानात आलाच नव्हता, आणि त्याने प्रश्नाचा मोठा भाग सुटला आहे. फिनोबाबत मात्र माहितीचा वाटा किती आणि नाकाचा किती, हे मला अजून सांगता येत नाही. पुढच्या बैठकीत मोझेलची काबिनेट, इथली गोडसर शेनिन आणि इथलीच कोरडी शेनिन झाकून मांडायच्या, आधी नुसत्या आणि मग जेवणाबरोबर चाखायच्या, असे ठरवले आहे. रिसलिंग आम्ही अधिक थंड देत आलो आहोत, तसेच याही वेळी करावे का?

उत्तर १ चे लेखक

तसे करू नये. थंडीत गोडी कमी जाणवते, त्यामुळे अधिक थंड पेल्यातील वाईनला अकारण लाभ मिळेल आणि आपल्याला जे तपासायचे आहे तेच बिघडेल. तिन्ही बाटल्या एकत्र ठेवून दहा अंशांच्या आसपास आणाव्यात, तिन्ही पेल्यांत सारखेच ओतावे आणि पेले वेळेत संपवावेत, कारण नाशिकच्या एप्रिलमधल्या दिवाणखान्यात तापमान झपाट्याने चढते. जेवणाची फेरी शेवटी ठेवावी. तिखट एकदा जिभेवर आले की त्या दिवशी नुसत्या वाईनची तुलना पुन्हा करता येत नाही.