धंद्यासाठी इन्स्टा-फेसबुक करावं का? चटणी कांडप आणि मसाल्याचं दुकान आहे, सल्ला द्या

डंकवाला_कराड
नमस्कार मंडळी. कराडजवळ आमची वडलांपासूनची गिरणी आहे, पुढं मिरची कांडप टाकलं आणि आता तयार कांदा-लसूण मसाला, थालीपीठ भाजणी, चकली भाजणी अशी पाकिटंपण करतो. फेब्रुवारी संपला की मे एंडपर्यंत डंकावर, म्हणजे कांडपाच्या मशीनवर, नंबर लागतो, बायका सकाळी सातलाच पिशव्या ठेवून जातात, पण पाऊस पडला की शुकशुकाट, नुसतं दळण. भाचा पुण्यात कॉलेजला आहे तो मागं लागलाय की मामा इन्स्टा चालू करा, आणि एक एजन्सीवाला येऊन गेला, महिन्याला आठ हजार, बारा पोस्ट म्हणतोय. दुकानात मी, मिसेस आणि एक कामगार. मिसेसचं म्हणणं, तिखटाच्या हातानं फोन कोण घेणार. खरंच गिऱ्हाईक येतं का त्यानं का नुसते लाईक? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

वाकडची_सून
मी गिऱ्हाईक म्हणून सांगते. एप्रिलमध्ये मी काय करते, गुगल मॅप उघडून 'मिरची कांडप' टाकते. निम्म्या ठिकाणी वेळ दिलेली नसते, नंबर लागत नाही, एकाच्या फोटोत तर दुसऱ्याच कुणाचं मोबाईलचं दुकान. मग जो फोन उचलतो त्याच्याकडे जाते, विषय संपला. तर दादा, आधी ते गुगलवरचं बिझनेस प्रोफाईल करा, फुकट आहे. हल्ली व्हेरिफिकेशनला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, त्यात बाहेरचा रस्ता, पाटी, आत मशीन, शटर उघडताना असं सगळं एका दमात दाखवायचं. वेळ, सुट्टीचा वार, फोन टाका. आणि दर लिहा हो, किलोला किती, भाजून देता का नाही, मिरची आमची का तुमची. हे कुणीच लिहीत नाही.

भोसरी_फॅब्रिकेटर
माझं उलटं मत. ग्रिल, शटर, शेडची कामं करतो. भावानं पेज काढून दिलं, लाईक सगळे मामा-मावशीचे आणि शाळेतल्या पोरांचे. मला काम देतो तो कॉन्ट्रॅक्टर, त्याला माझं पेज बघायचं नाही, त्याला उद्या माणूस पाठवतो का ते पायजे. आठ हजारात एक हेल्परचा अर्धा पगार निघतो. नका लागू नादी.

फराळताई_ठाणे
भोसरीवाले दादा, तुमचं तुमच्यापुरतं बरोबर आहे पण खायची वस्तू वेगळी हो. मी दिवाळीचा फराळ आणि वर्षभर चिवडा-लाडू करते, माझा सगळा धंदा व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर. कॅटलॉगमध्ये फोटो, वजन, भाव टाकून ठेवले की 'काय भाव' हा प्रश्नच अर्धा कमी होतो. चॅटला लेबल लावता येतं, पैसे यायचे, पार्सल गेलं, वगैरे. ठरलेली उत्तरं साठवता येतात.

एक मात्र लक्षात ठेवा, ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जणच बसतात आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून मसाला हातात देतानाच म्हणायचं, ताई नंबर सेव्ह करा, नवीन माल आला की कळेल. आणि खरं काम स्टेटस करतं. सकाळी बेसन भाजतानाचा पातेल्याचा फोटो टाकला की दुपारपर्यंत चारजणी विचारतात, आणि तेच 'सर्वांना शुभ सकाळ'वालं पोस्टर टाकलं की कुणी ढुंकून बघत नाही.

साडीवाली_नाशिक
+1 ताईंना. मी संध्याकाळी फेसबुकवर लाईव्ह करते, साड्या जातात. पण ते सोपं नाही, रोज बसावं लागतं, आवाज बसतो, आणि 'फोटोत रंग वेगळा होता' म्हणून परत येणाऱ्या साड्या वेगळ्याच. इन्स्टावर लोक फक्त 'प्राईस प्लीज' लिहितात, उत्तर दोन तास उशिरा दिलं की ते दुसरीकडून घेऊन मोकळे. उत्तर द्यायला माणूस नसेल तर जाहिरात करूच नका, आपलंच नाव खराब होतं.

माजी_एजन्सीवाला
मी त्याच धंद्यात होतो म्हणून आतलं सांगतो. त्या बारा पोस्ट म्हणजे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, आषाढी, नागपंचमी, राखी, गणपती, तयार डिझाईन, कोपऱ्यात तुमचा लोगो आणि तुमचा फोटो. तीच डिझाईन त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरलापण जातात. त्यातून तिखट विकलं जात नाही. शिवाय बरेच जण पेज स्वतःच्या ईमेलवर काढतात, उद्या भांडण झालं की पेज त्यांचं. द्यायचंच असेल तर अकाउंट तुमच्या नंबरवर, तुमच्या नावावर, त्यांना फक्त वापरायची परवानगी.

दुसरं, तुमचे धंदे मुळात दोन आहेत, ते एकत्र नका मोजू. कांडप हे जवळच्या माणसाचं काम, साताऱ्याहून कोणी मिरची घेऊन कराडला यायचं नाही. त्याला मॅप पुरेसा, आणि सीझनला तर तुमच्याकडं रांगच आहे, जाहिरात करून अजून रांग वाढवून कुठं उभी करणार? पाकिटं मात्र पुण्या-मुंबईला जाऊ शकतात, आणि ती नेमकी पावसानंतर विकायची आहेत. श्रावण-नवरात्रात उपवासाची भाजणी, दिवाळीआधी चकलीची. तेव्हा तुम्ही रिकामे असता, फोन घ्यायला वेळ असतो. तेवढ्याच महिन्यांत इन्स्टावर चालवा. पोस्टखालचं निळं 'बूस्ट' बटण दाबू नका, त्यातून बहुतेक लाईकच येतात. फेसबुक-इन्स्टाच्या अ‍ॅड मॅनेजरमधून अशी जाहिरात लावता येते की दाबलं की सरळ व्हॉट्सअ‍ॅपची चॅट उघडते. पुणे शहरापुरती लावून थोड्या पैशात बघा.

व्हिडिओ म्हणाल तर तुमच्याकडं जे आहे ते कुणाकडं नाही. बेडगी आणि संकेश्वरी मिरची शेजारी ओतून दाखवा, कुठली रंगाला, कुठली तिखटाला ते तुमच्याच भाषेत सांगा. डंक खाली पडतोय, खालून लाल चटणी उडतेय, तो धाड-धाड आवाज तसाच राहू द्या. बिझनेस अकाउंटला सिनेमाची बहुतेक गाणी मिळतच नाहीत, आणि लागतबी नाहीत.

डंकवाला_कराड
हे दोन धंदे वेगळे आहेत हे डोक्यातच आलं नव्हतं राव. मग भाच्याला सांगतो दिवाळीआधी करू. पण मग सगळं इन्स्टावरच ठेवलं तर चालेल का, गिऱ्हाइकांची वही-बिही कशाला?

माजी_एजन्सीवाला
वही ठेवाच. जून 2020 ला टिकटॉक बंद झालं तेव्हा ज्यांचं सगळं गिऱ्हाईक तिथं होतं त्यांचं एका रात्रीत गेलं. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सहाएक तास झोपलं होतं. नाव, गाव, मोबाईल, काय नेलं, एवढं लिहून ठेवा.

हिशोबी_सांगलीकर
कुणी कागदपत्रांचं बोललंच नाही. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थाच्या परवान्याचा, 14 आकडी नंबर, वजन, तारीख, एमआरपी, पत्ता पायजेच. आणि ऑनलाईन विकताना हे बघा, राज्याबाहेर करपात्र माल पाठवायचा तर उलाढाल कितीही कमी असू दे, जीएसटी नोंदणी लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाला वर्षाच्या 40 लाख उलाढालीची मर्यादा आहे. एखादी बेळगावची ऑर्डर आली म्हणून हुरळून पार्सल करू नका, आधी तुमच्या सीएला विचारा.

कांदा-लसूण मसाल्याला तेल सुटतं. एकेरी पिशवीत घातला तर कुरिअरवाल्याच्या गोणीत सगळी पार्सलं लाल होतात, आत जाड पिशवी सील करून मग बाहेर डबा.

फराळताई_ठाणे
आणि फसवाफसवी! नंबर बाहेर पडला की 'मी आर्मीतून बोलतोय, कॅन्टीनसाठी वीस किलो पाहिजे' असा फोन येतो. गोड बोलतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, मग पेमेंटसाठी क्यूआर पाठवून म्हणतो हा स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकली की आपलेच जातात. आणि पेमेंटच्या स्क्रीनशॉटवर माल सोडायचा नाही, आपल्या बँकेत आलेत का बघायचं. फसलात तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन.

भोसरी_फॅब्रिकेटर
वाचून मीपण ते गुगलचं करतो म्हणलं, फुकट आहे तर. त्या व्हिडिओत वेल्डिंग चालू असलेलं दाखवलं तर चालतंय का?

वाकडची_सून
चालतं की, उलट चांगलं. फक्त पाटी नीट दिसू द्या आणि पुसून घ्या आधी.

डंकवाला_कराड
आज दुपारी मॅपचं केलं, व्हिडिओ पाठवलाय. मिसेसनं दर सांगितले, मी टाकले. आता अजून एक, रिव्ह्यू मागायचे कसे? एकजण पन्नास रिव्ह्यू विकत देतो म्हणतोय.

वाकडची_सून
विकत नका घेऊ दादा, 'नाईस सर्व्हिस, गुड स्टाफ' असले रिव्ह्यू लगेच ओळखू येतात, आणि गुगल काढूनपण टाकतं. काउंटरवर रिव्ह्यूचा क्यूआर चिकटवा, आणि चटणी न्यायला पोरगा किंवा सून सोबत आली असेल तर त्यांना सांगा. सासूबाईंना सांगून उपयोग नाही, त्या शेजारणीला सांगतात, तेपण चालतंय म्हणा.