'साभार' लिहिलं म्हणजे विचारलं असं नाही

वर एकांनी लिहिलंय की खाली 'फोटो साभार' टाकलं की दुसऱ्याचा फोटो आपल्या इन्स्टावर लावायला हरकत नाही. मला नाही पटत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा (पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंची गोष्ट वेगळी), आणि तो त्याच्या हयातभर व मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नाव देणं हा परवानगीला पर्याय नाही.

माझंच सांगतो. आषाढात गोव्यातल्या माशेलला चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, टिपायला गेलो होतो. कॅमेऱ्याला दुधाची पिशवी बांधलेली, देवकीकृष्णाच्या देवळापुढे गुडघाभर चिखल. एक पोरगा असा माखलेला की डोळे आणि दात तेवढे पांढरे. तो फोटो पुढे एका होमस्टेच्या पेजवर दिसला. कोपऱ्यातलं माझं नाव कापलेलं, वर पिवळट फिल्टर, आणि खाली 'क्रेडिट: मूळ मालकास'. अरे, मूळ मालक इथेच फोंड्यात बसलाय की! विचारलं असतं तर फुकट दिला असता.

आवडलेली पोस्ट स्टोरीत थेट शेअर करा, टिचकी मारली की माणूस मूळ खात्यावर पोचतो. स्क्रीनशॉटमध्ये ती वाट तुटते. स्वतःच्या पेजवरच लावायचा असेल तर आधी मेसेज करा, जाहिरातीसाठी हवा असेल तर तेही सांगा. उत्तर आलं नाही, तर तो होकार धरू नका. आणि नाव पहिल्याच ओळीत लिहा, हॅशटॅगांच्या गर्दीखाली कोण शोधतंय?