घरी ख्यालाचं रेकॉर्डिंग: हम, शिट्टी आणि सळसळ कशी घालवायची?

खरजतार:
घरी ख्यालाचं रेकॉर्डिंग करायचं आहे. पुरुष गळा, काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी हा षड्ज). साथीला हार्मोनियम आणि तबला. तानपुरा अ‍ॅपवरचा, ब्लूटूथ स्पीकरमधून. खोली १० बाय १२, रस्त्याच्या बाजूला एक स्लायडिंग खिडकी. एटी२०२० कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी), लॅपटॉप आणि ऑडेसिटी हे सॉफ्टवेअर. माइक तिघांच्या मधोमध, गळ्यापासून साधारण चार फुटांवर.

रेकॉर्डिंगमध्ये सतत एक घुंऽऽ येतं, त्याच्यावर बारीक शिट्टीसारखा सूर, आणि पंखा बंद असतानाही सळसळ. नॉइज रिडक्शन २४ डीबीवर नेलं की हे सगळं जातं, पण गळा पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकार) मरते. भिंतींना फोम लावावा का? बजेट पाच-सहा हजार.

माइकमात्रा:
फोम राहू द्या. एक इंची फोम खोलीतला वरच्या पट्टीचा घुमारा थोडा कमी करतो, बाहेरून येणारा आवाज अडवत नाही. अंड्याचे ट्रेही नाही.

तुमच्या सळसळीचं मुख्य कारण ते चार फूट अंतर आहे. अंतर निम्मं केलं की गळ्याचा थेट आवाज साधारण ६ डीबीने वाढतो, खोलीचा आवाज आहे तिथेच राहतो. चार फुटांवरून एक फुटावर आलात तर १२ डीबीचा फायदा, तोही फुकट. शिवाय एटी२०२०चा स्वतःचा नॉइज २० डीबीचा आहे. इतक्या लांबून गेन (इंटरफेसवरची आवाजाची वाढ) चढवला की तोही सोबत वर येतो.

गळ्याला एक माइक, १०-१२ इंचांवर, ओठांच्या रेषेपेक्षा जरा वर आणि तिरका, पुढे पॉप फिल्टर. सहा इंचांच्या आत जाऊ नका, खर्ज फुगतो. दुसरा माइक तबला-पेटीसाठी. तबल्याचा आवाज मुळातच मोठा असल्याने हा माइक पेटीकडे झुकता ठेवा, पण भात्याच्या पातळीत नको. वरून खाली बघणारा ठेवा, नाहीतर भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट सुरांपेक्षा पुढे येते. पेटीखाली दुहेरी घडी घातलेली सतरंजी. उघडा माइक एकाचे दोन झाले की खोलीचा नॉइज सुमारे ३ डीबी वाढतो, म्हणून तिसरा माइक नको.

एटी२०२० कार्डिऑइड आहे, म्हणजे पाठीमागे सगळ्यात बहिरा. माइकची पाठ खिडकीकडे आणि लॅपटॉपकडे करा. मग त्याचं तोंड गायकाच्या मागच्या भिंतीकडे येतं, तेव्हा मऊ काहीतरी तिथे हवं: दोरीवर टाकलेल्या दोन जाड रजया किंवा उभी केलेली गादी, भिंतीपासून चार-सहा इंच पुढे. बहुतेक लोक माइकच्या मागे ढाल लावून गायकाच्या मागची भिंत उघडी ठेवतात. हे उलट आहे.

लेव्हल: २४ बिट, तारसप्तकातल्या सर्वांत जोरकस तानेला शिखर −१२ डीबीच्या आसपास.

टिपटॉप_तबला:
रस्त्याकडची खोली आहे ना, मग कंडेन्सर विका आणि एसएम५८ हा डायनॅमिक माइक घ्या. डायनॅमिक बाहेरचं पकडतच नाही.

माइकमात्रा:
पकडतो. एटी२०२०ची संवेदनशीलता −३७ डीबी, एसएम५८ची −५४.५. गळा त्याच अंतरावर असेल तर साडेसतरा डीबी गेन जास्त द्यावा लागतो, आणि त्याबरोबर रिक्षाचा हॉर्नही तेवढाच वर येतो. वर स्वस्त प्रीअँपची (इंटरफेसमधल्या गेन देणाऱ्या भागाची) सळसळ. डायनॅमिक शांत वाटतो कारण लोक तो ओठांना चिकटवून गातात. गझल-भावगीताला ते चालेल. ख्यालात गायक मान हलवतो, तानेच्या भरात मागे सरकतो. दोन इंचांचे पाच इंच झाले की आवाज पातळ होतो आणि लेव्हल पडते. तबला-पेटीच्या दुसऱ्या माइकसाठी मात्र जुना डायनॅमिक कोणाकडून मिळाला तर खुशाल वापरा, तबल्याला जोर भरपूर असतो.

अर्थिंग_आधी:
घुंऽऽ आणि शिट्टी या माइकच्या तक्रारी नाहीत, विजेच्या आहेत. ऑडेसिटीत शांततेचा तुकडा निवडून प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, साइज १६३८४. टोकं ५०, १००, १५० हर्ट्झवर असतील तर हम. १ किलोहर्ट्झ आणि ८ किलोहर्ट्झवर असतील तर ती यूएसबीची शिट्टी, कारण यूएसबीचा डेटा त्याच ठेक्यात जातो आणि पाच व्होल्टची लाइन गढूळ करतो.

आता क्रमाने, एका वेळी एकच बदल:

लॅपटॉपचा चार्जर काढा. हम गेला तर चार्जरची गळती. दोन पिनी चार्जरला अर्थ नसते, आणि तो करंट यूएसबीतून इंटरफेसमध्ये शिरतो. लॅपटॉपच्या धातूवर बोट फिरवताना मुंग्या येतात ते हेच. टेक बॅटरीवर घ्या.

गेला नाही तर सॉकेट तपासा. मल्टिमीटरवर फेज-अर्थ २३०च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ भलतंच कमी दाखवत असेल तर तिथे अर्थ नावालाच आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. आणि तीन पिनी प्लगची अर्थ पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, हम जाईल पण शॉकची सोय होईल.

त्याच सर्किटवर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर अर्ध्यावर ठेवलेला असेल तर घुंऐवजी कर्रर्र येतं. बंद करा.

शिट्टीसाठी इंटरफेस लॅपटॉपच्या वेगळ्या पोर्टला लावून बघा, नाहीतर स्वतंत्र अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला. माइकची एक्सएलआर केबल चार्जर आणि बोर्डपासून फूटभर लांब, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. मोबाइल फ्लाइट मोडवर, माइकजवळ नाही.

जवारी_वाचवा:
तानपुरा स्पीकरमधून वाजवून पुन्हा माइकमध्ये घेणं थांबवा, जवारी अर्धी तिथेच जाते. अ‍ॅप हेडफोनमध्ये द्या, तिघांसाठी स्प्लिटर, प्रत्येकाचा एकच कान झाकलेला. नंतर त्याच अ‍ॅपचा तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर टाका. त्याआधी अ‍ॅप पेटीच्या षड्जाला बारीक जुळवा. पेटीची काळी एक ४४० प्रमाणालाच असेल असं नाही, आणि पेटी काही खुंट्या पिळून जुळत नाही.

हम फिल्टरने कापायचा मोह होईल म्हणून काळी एकचा हिशेब मांडतो. षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झ, मंद्र पंचम १०४, तानपुऱ्याचा खर्ज ६९. म्हणून लो कट (ठरवलेल्या हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर) गळ्याच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झला चालेल, तानपुऱ्याच्या ट्रॅकवर अजिबात नको, आणि तबल्याच्या ट्रॅकवर ५०च्या वर नेऊ नका, डग्ग्याची घुमक जाईल. १५०चा नॉच (तेवढीच अरुंद पट्टी कापणारा फिल्टर) तर जास्तच घातक: कोमल रिषभ १४७-१४८वर येतो. क्यू (फिल्टरचा अरुंदपणा) ३० ठेवला तरी नॉच साधारण १४७.५ ते १५२.५ खातो. भैरवातला आंदोलित रिषभ नेमका तिथेच झुलतो, आणि प्रत्येक झोक्याला आवाज बसल्यासारखा वाटतो. हम मुळातच काढलेला बरा, हे त्याचसाठी.

नॉइज रिडक्शन हा शेवटचा उपाय, तोही हलका. टेकच्या सुरुवातीला पाच सेकंद सगळ्यांनी गप्प बसा, तेवढंच निवडून गेट नॉइज प्रोफाइल. मग रिडक्शन ६, सेन्सिटिव्हिटी ६, स्मूदिंग ३. ओके करण्याआधी रेसिड्यू (कापला जाणारा भाग) निवडून प्रीव्ह्यू ऐका: त्यात फक्त सळसळ यायला हवी. गळ्याचे शब्द किंवा पेटीचा सूर ओळखू आला तर तुम्ही गाणं कापताय. गेन किंवा माइकची जागा बदलली की जुनी प्रोफाइल बाद. वाहनांवर हा उपाय चालत नाही, तो सतत एकसारख्या आवाजासाठीच आहे. नॉइज गेट (ठरावीक पातळीखाली आवाज बंद करणारं साधन) तर लावूच नका, विरामात खोली चालू-बंद होते आणि ते नॉइजपेक्षा जास्त खुपतं.

खरजतार:
चार्जर काढल्यावर हम गेला, पोर्ट बदलल्यावर शिट्टीही. माइक फूटभरावर आणला. दोन शंका: खिडकीचं काय? आणि मिक्सिंगमध्ये कंप्रेसर लावला की सळसळ पुन्हा वर येते, ती का?

माइकमात्रा:
स्लायडिंग खिडकीत काचेपेक्षा फटी जास्त गळतात. एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली तरी काच कितीही जाड घाला, अडवणूक २० डीबीच्या पुढे जात नाही. रुळातल्या झिजलेल्या ब्रशपट्ट्या बदला. बजेट उरलं तर १२ मिमी प्लायचा तुकडा चौकटीच्या आतल्या मापात कापून, कडांना दाबून बसणारी रबर पट्टी लावून, रेकॉर्डिंगपुरता ठोकून बसवा. उचलायला मूठ लावायला विसरू नका. हॉर्न तरीही येतील, त्यांच्यासाठी रात्री दहानंतरची वेळ.

कंप्रेसर मोठे आवाज दाबतो आणि मेकअप गेनने सगळंच वर उचलतो. ६ डीबी मेकअप दिलात तर विरामातला नॉइजही ६ डीबी वर. म्हणून नॉइज रिडक्शन कंप्रेसरच्या आधी, नंतर नाही. ख्यालाला २:१ रेशो आणि शिखरावर ३ डीबी कपात पुरे. त्याहून जास्त चढउतार असेल तर एन्व्हलप टूलने तेवढाच तानेचा तुकडा हाताने खाली ओढा, तिथे मेकअप गेन लागतच नाही.