पावसात मीट प्रोब भलताच आकडा दाखवतो. प्रोब गेला की कंट्रोलर?

सई_बॉथेल

सिएटलच्या उत्तरेला राहते. इथे नोव्हेंबर लागला की मुसळधार असं काही नसतं, पण भुरभुर पाऊस सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच. पेलेट स्मोकर (लाकडाच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळून धुरावर मांस शिजवणारी भट्टी; तिचं तापमान कंट्रोलर सांभाळतो) मागच्या डेकवर आहे. छप्पर अर्धंच, त्यामुळे वारा फिरला की झाकणावर पाणी येतं.

शनिवारी लँबचा हाडासकट खांदा लावला. आदल्या रात्री मालवणी मसाला आणि मीठ चोळून ठेवलेला. चेंबर २५० वर (सगळे आकडे फॅरेनहाइट). मांस फ्रिजमधून नुकतंच काढलेलं, हाताला चांगलं गार. दोन प्रोब (तापमान मोजणाऱ्या सळ्या, वायरने कंट्रोलरला जोडलेल्या) खुपसले. पहिल्याने ४१ दाखवलं, दुसऱ्याने एकदम १५५! पुढे तासाभरात दुसऱ्याचा आकडा चढायच्या ऐवजी उतरत गेला, ११० च्या आसपास रेंगाळला आणि मग पहिल्याच्या जोडीने वर जायला लागला. शेवटी दोघांत चार-पाच अंशांचा फरक राहिला. चेंबरचा आकडा मात्र सगळा वेळ २५० च्या आगेमागे, म्हणजे ठीक.

प्रोब नळाखाली धरत नाही, ओल्या फडक्याने पुसते. मदतीच्या फोनवर विचारलं तर म्हणाले, कंट्रोलर बदला. तो स्वस्त नाही. आणि मला खरी काळजी वेगळीच आहे. माझ्याकडे रविवारी जेवायला सासरे असतात, लहान मुलं असतात. कोंबडी १६५ ला पोचली असं यंत्राने सांगावं आणि आत ती कच्ची असावी, हे मला अजिबात चालणार नाही. पावसाळाभर स्मोकर गॅरेजमध्ये हलवू का, असाही विचार आहे.

ह्यूस्टनचा_धूर

आधी गॅरेजचं. कृपा करून हलवू नका, दार सताड उघडं ठेवूनही नाही. पेलेट जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नसतो आणि गॅरेजला लागून घर असतं.

प्रोबबद्दल माझा अनुभव असा की पावसापेक्षा कव्हर जास्त त्रास देतं. स्वयंपाक झाल्यावर स्मोकर कोमट असताना कव्हर चढवलं की आत वाफ कोंडते आणि सकाळी कंट्रोलरच्या तोंडावर दव. आमच्याकडे हवाच दमट, त्यामुळे कंट्रोलरवर प्रोबचा प्लग बसतो त्या भोकात (जॅकमध्ये) हिरवट गंज चढला होता. पूर्ण गार झाल्यावरच कव्हर घाला आणि प्रोब दर वेळी काढून घरात ठेवा. प्रोबचा जोड (स्टीलची नळी आणि वायर जुळते तिथला) हाय-टेंप सिलिकॉनने बंद करून टाकला की पाण्याचा प्रश्नच मिटेल असं मला वाटतं.

रोहेकर_काका

सईताई, कंट्रोलर एवढ्यात घेऊ नका. तुम्ही आकड्यांचा जो क्रम लिहिलाय त्यातच दुखणं दिसतंय. आधी खूप जास्त, मग हळूहळू उतरणं, मग जवळजवळ बरोबर. प्रोबमध्ये पाणी शिरलं होतं आणि भट्टीच्या धगीने ते वाळत गेलं. कंट्रोलर बिघडला असता तर इतक्या शिस्तीत सुधारला नसता.

मी रोह्याला धाटाव एमआयडीसीत केमिकल प्लँटच्या इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. आता वर्षातले काही महिने मुलाकडे पोर्टलंडला असतो आणि त्याचा पेलेट स्मोकर माझ्याच ताब्यात असतो. जून-जुलैत आमच्या कंट्रोल रूममध्ये निम्म्या तक्रारी याच असायच्या: वेसल (टाकी) गार, पण आकडा गरम.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच कळेल. मांसाच्या प्रोबच्या टोकात बहुतेक वेळा थर्मिस्टर असतो, तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. बऱ्याच प्रोबमध्ये तो २५ सेल्सियसला १ लाख ओहम, गोठणबिंदूला सव्वातीन लाखांच्या वर आणि उकळत्या पाण्यात जेमतेम ७ हजार असतो. आता स्टीलच्या नळीत, जिथे जाळीची वायर दाबून बसवलेली असते, तिथे ओल गेली की दोन तारांमध्ये करंटला दुसरी वाट मिळते. एकूण रोध घटतो आणि कंट्रोलर समजतो की मांस गरम आहे. म्हणून ओला प्रोब नेहमी जास्तच दाखवतो. हीच त्यातली धोक्याची बाजू. तार तुटली तर नुसत्या रेघा किंवा एरर येते आणि आपण सावध होतो. ओल आली तर खोटा पण पटण्यासारखा आकडा येतो.

पुढची गोष्ट फार जणांना माहीत नसते. ही चूक गार मांसात सर्वांत मोठी असते. समजा गळतीची वाट २० हजार ओहमची आहे. ४० अंशांच्या मांसात प्रोबचा स्वतःचा रोध पावणेतीन लाखांच्या घरात, त्यापुढे २० हजार म्हणजे फारच सोपी वाट, आणि आकडा १५५ च्या आसपास जातो. तुमचा आकडा हाच! तेच मांस २०० ला असेल तर प्रोबचा स्वतःचा रोध ९ हजारांच्या आसपास, मग तीच गळती आकडा वीसेक अंशांनीच चढवते. तेव्हा प्रोब तपासायचा तर बर्फाच्या पाण्यात. नुसत्या उकळत्या पाण्यात तपासला तर थोडा ओलसर प्रोबही पास होऊन जाईल.

चेंबरचा सेन्सर वेगळ्या जातीचा. पुष्कळ पेलेट ग्रिलमध्ये तिथे आरटीडी (धातूच्या रोधावरून तापमान मोजणारा सेन्सर) असते, ०° सेल्सियसला १००० ओहम, आणि तिचा रोध तापमानाबरोबर वाढतो. तिथे ओल शिरली तर उलटं होतं. आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो, कंट्रोलर जास्त पेलेट ढकलतो आणि भट्टी भडकते. भट्टी भडकल्याचं तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे ती बाजू बहुधा कोरडी असावी; पण नुसत्या स्थिर आकड्यावरून तसं ठरवता येत नाही, कारण कंट्रोलर त्याच आकड्याला धरून पेलेट ढकलतो.

आता करायचं काय? आधी कंट्रोलरवर दोन्ही प्रोबची भोकं अदलाबदल करा. चूक प्रोबबरोबर सरकली तर प्रोब, त्याच भोकात राहिली तर जॅक. मग ग्लासात काठोकाठ बर्फाचा चुरा, फटी भरतील इतकंच पाणी, ढवळून प्रोबचं टोक मधोमध धरा. काचेला टेकवू नका, जोड पाण्यात बुडवू नका. ३२ च्या एक-दोन अंश इकडेतिकडे आलं पाहिजे.

ओला निघाला तर ओव्हन २०० वर ठेवून नळी आणि जाळीची वायर आत तासभर, प्लास्टिकचा प्लग दाराबाहेर लोंबता. पुन्हा बर्फात बघा.

ह्यूस्टनकर, कव्हरबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण सिलिकॉनला माझा विरोध आहे. आत ओल असताना तोंड बंद केलं तर ती कायमची आत अडकते. शिवाय तो जोड मांसाला टेकतो, आणि प्रत्येक सिलिकॉन अन्नाजवळ वापरण्याजोगा नसतो.

सई_बॉथेल

काका, आज सगळं करून पाहिलं. चूक दुसऱ्या प्रोबबरोबरच सरकली. बर्फात पहिला ३३, दुसरा ११२! ओव्हनमधून काढल्यावर दुसरा ३४. कंट्रोलरचे पैसे वाचले, तुमचे मनापासून आभार. दुसऱ्या जॅकमध्ये थोडा हिरवटपणा आहे. पण पाणी आत गेलं कुठून? प्रोब तर मी भिजवतच नाही.

रोहेकर_काका

वायरवरून. तुमची वायर कंट्रोलरपासून सरळ उतरत स्मोकरच्या बाजूच्या भोकातून आत जाते ना? मग झाकणावरून ओघळलेलं पाणी विणलेली जाळी पकडते आणि थेट जोडापर्यंत नेते. प्लँटमध्ये केबल जंक्शन बॉक्सला नेहमी खालून आणायची आणि आधी खाली झोळ ठेवायचा, हे पहिल्या पावसाळ्यातच शिकवतात. इथेही तेच करा. भोकात शिरण्याआधी वायरला भोकाच्या पातळीखाली चांगला वीतभर झोळ द्या, पाणी तिथूनच ठिबकेल. जॅककडच्या टोकालाही तसाच.

हिरवटपणासाठी स्मोकरचा प्लग भिंतीतून काढा. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल प्रोबच्या प्लगला लावून तो जॅकमध्ये आतबाहेर फिरवा, पुसा, पुन्हा फिरवा. पूर्ण उडून गेल्याशिवाय वीज द्यायची नाही. बाहेरच्या सॉकेटचा जीएफसीआय (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पावसात उडत असेल तर तो पुन्हा पुन्हा दाबत बसू नका आणि साध्या सॉकेटवर तर मुळीच नेऊ नका. बहुधा पेटवणाऱ्या रॉडमध्ये ओल असते, तो तपासून घ्यावा लागतो.

ह्यूस्टनचा_धूर

सिलिकॉनचं पटलं, काका. सई, पेलेटही बघून घ्या. हॉपरमध्ये (पेलेटच्या पेटीत) ओल गेली की ते फुगून भुसा होतात आणि ऑगर (पेलेट पुढे ढकलणारा स्क्रू) अडकतो. पावसाळ्यात मी उरलेले पेलेट झाकणाच्या बादलीत काढून ठेवतो. आणि कोंबडी असेल तेव्हा हातातला थर्मामीटर टोचल्याशिवाय ताटात वाढत नाही, प्रोब काहीही म्हणोत.

सई_बॉथेल

हातातला आजच मागवला. दुसऱ्या प्रोबवर आता भरवसा ठेवू की नवाच घेऊ? बाजारात बसेल असा दुसरा स्वस्तात मिळतोय.

रोहेकर_काका

एकदा ओल पाहिलेला जोड पुन्हा ओल ओढतो, म्हणून तो लँबच्या खांद्याला ठेवा, कोंबडीला नको. दर वेळी लावण्याआधी बर्फात एक नजर टाका. नवा घेताना प्लग बसतो एवढ्यावर जाऊ नका. प्लग तोच, पण आतला थर्मिस्टर निराळा असेल तर कंट्रोलर त्याचा रोध चुकीचा वाचतो. आपल्या मॉडेलसाठीचाच मागवा. आला की बर्फ आणि उकळतं पाणी, दोन्हीत घालून बघा. बॉथेल समुद्रसपाटीच्या जवळ आहे, तेव्हा उकळत्या पाण्यात तो २१२ च्या एक-दोन अंशांत यायला हवा. बर्फात बरोबर आणि उकळत्यात दहा-पंधराने चुकला तर परत पाठवा, तो तुमच्या कंट्रोलरसाठी बनलेला नाही.