तांब्या-पितळेच्या भांड्यांचे विभाग कसे पाडावेत?

प्रश्न: नाशिकच्या भांडी बाजारातले 300 नग वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायचं प्लगइन) चढवायचेत. विभाग धातूनुसार करू की वापरानुसार?

उत्तर: वापरानुसारच. गिऱ्हाईक समई शोधतं, पितळ नाही. पूजा, स्वयंपाक, पाणी एवढे मूळ विभाग पुरे. धातू, उंची, वजन ही ॲट्रिब्यूट (नगाचे गुणधर्म) करा, पण प्रॉडक्ट्स मेन्यूतूनच. एकेका नगाच्या पानावर लिहिलेली फिल्टरमध्ये दिसत नाहीत. ॲट्रिब्यूट केली नाहीत तर ‘पितळी समई 9 इंच’ असा विभाग निघतो आणि आत एकच नग!

उत्तर: सहमत. तांब्याचा गडू पूजा आणि पाणी दोन्हींत टिकमार्क करा. दोनदा चढवलात तर साठा जुळणार नाही.

उत्तर: विभागाचा स्लग (लिंकमध्ये दिसणारं नाव) आधीच पक्का करा, तोही रोमन लिपीत. देवनागरी स्लगची लिंक कॉपी केली की बहुतेकदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. नंतर बदललात तर विभागाची जुनी लिंक 404 (पान सापडत नाही) देते; 301 रीडायरेक्ट (जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर कायमचं वळवणं) स्वतः लावावं लागतं.