ओले पावटे आत कडक राहतात, फरसबी तपकिरी होते – मदत हवी आहे

मेथीदाणा

बाजारातून पाव किलो फरसबी आणि अर्धा किलो पावट्याच्या शेंगा आणल्या आहेत. दोन्ही भाज्या दरवेळी त्याच पद्धतीने बिघडतात, म्हणून कृतीसकट लिहिते.

फरसबी: तेलात मोहरी, हिंग, हळद, लगेच तिखट आणि गोडा मसाला, मग बोटाच्या पेराएवढे तुकडे, अर्धी वाटी पाणी, झाकण ठेवून २० मिनिटं. रंग शेवाळी-तपकिरी होतो, शेंग दाताखाली कचकचते आणि मसाला कडवट लागतो.

पावटा: कांदा-टोमॅटो परतून त्यावर दाणे, मीठ, गूळ, आमसूल, पाणी. ४० मिनिटांनी सालं सुटून वर तरंगतात, दाणा मात्र मध्ये टणक. कुकर लावला तर पिठलं होतं.

सोडा घालावा का? आणि मसाला नेमका कधी?

पाटावरवंटा

आधी दोन गोष्टी सांगा. पाणी नळाचं की बोअरचं? आणि दाणे कडव्या वालाचे आहेत की पावट्याचे? भाजीवाले दोन्हींना सरसकट वाल म्हणून मोकळे होतात. घेवड्याचंही तेच, पुण्यात श्रावणघेवडा मागितला की मुंबईची फरसबी हातात पडते.

मेथीदाणा

पाणी बोअरचं. दाणे फिकट हिरवे, चपटे, कडू नाहीत. कढई लोखंडी आहे.

पाटावरवंटा

मग पावट्याचं कोडं सुटलं. दाणा मऊ होतो म्हणजे त्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळतं. आंबट पदार्थ ते विरघळू देत नाहीत. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम ते आणखी घट्ट करतं, आणि गुळातही थोडं कॅल्शियम असतंच. तुमच्याकडे टोमॅटो, आमसूल, गूळ आणि जड पाणी अशी चौघांची युती पहिल्या मिनिटापासून आहे. मीठ बिचारं निर्दोष, ते आधी घातलं तरी चालतं. पिण्याचं आरओचं पाणी वापरा.

२ वाट्या सोललेल्या दाण्यांसाठी: २ मोठे चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, पाव चमचा ओवा, पाव चमचा हिंग, ७-८ कढीपत्त्याची पानं, पाव चमचा हळद. एक बारीक चिरलेला कांदा गुलाबी होऊ द्या. दाणे घालून २ मिनिटं परता, मीठ आणि दीड वाटी कढत पाणी घाला. गार पाणी ओतलं की उकळी मोडते. झाकणावर पाणी ठेवा. कमी पडलं तर तेच तापलेलं पाणी आत घाला. आच मंद, उकळी नुसती हलती हवी. डाव फिरवू नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा.

कोवळे दाणे १२-१५ मिनिटांत होतात, भरलेले २० पर्यंत. एक दाणा चिमटीत दाबा. मधोमध दडस लागलं तर अजून ५ मिनिटं. सहज चेपला की मगच १ चमचा तिखट, दीड चमचा गोडा मसाला, सुपारीएवढा गूळ, ३ आमसुलं आणि २ मोठे चमचे ओलं खोबरं-जिऱ्याचं वाटण. पुढे ५ मिनिटं पुरे. टोमॅटो हवाच असेल तर वेगळा परतून शेवटी घाला, पण मग आमसुलं वगळा.

हे लोखंडात करू नका. आमसुलाने रस्सा काळपट होतो आणि धातूची चव उतरते.

सांडगी_मिरची

फरसबीचं मी लिहिते. कडवटपणा सोपा आहे: गोडा मसाला आधीच भाजलेला असतो, तापलेल्या तेलात तो दुसऱ्यांदा भाजला जाऊन जळतो. तिखटाचंही तेच. फोडणीत फक्त मोहरी, हिंग, हळद आणि २ हिरव्या मिरच्या. गोडा मसाला घालायचाच तर अर्धा चमचा, भाजी ओलसर असताना, शेवटच्या २ मिनिटांत. माझं विचाराल तर फरसबीला तो नकोच, खोबरं-कोथिंबिरीत शेंगेची चव कळते.

कचकच आणि रंग या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, मोठे तुकडे. दोन्ही कडांच्या शिरा काढा, ४-५ शेंगा एकत्र धरून ३-४ मिलिमीटरच्या चकत्या चिरा. तशा ८-१० मिनिटांत शिजतात. २० मिनिटं झाकून ठेवल्यावर हिरवा रंग टिकणारच नाही. शेंगेतली आम्लं बाहेर पडून हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून टाकतात. पहिली ४ मिनिटं उघडं परता म्हणजे वाफेबरोबर त्यातली काही निघून जातात. मग २-३ चमचे कढत पाणी शिंपडून झाकण, ४-५ मिनिटं. मीठ अर्धा चमचा, साखर पाव चमचा, ३ मोठे चमचे ओलं खोबरं. झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, तापल्या कढईत ती शिजतच राहते.

सोडा नको. रंग पोपटी होतो खरा, पण शेंग लिबलिबीत आणि चव साबणासारखी. ब १ जीवनसत्त्वही जातं.

खमंग_फोडणी

उघडं परतण्याला माझी हरकत आहे. चपट्या कढईत तेवढ्यात कडा करपतात. उकळत्या खारट पाण्यात चकत्या ३ मिनिटं टाकून निथळा आणि फोडणीत ४ मिनिटं परता. रंग जास्त चांगला राहतो.

सांडगी_मिरची

राहतो, पण निम्मी चव मोरीत ओतली जाते. पंगतीला आधी तयारी करून ठेवायची असेल तर ठीक. पाव किलोला एवढा खटाटोप कशाला?

मेथीदाणा

कळलं. निवडताना दिसतंय की काही फरसबी जून आहे, आत दाणे फुगलेत. आणि पावट्याच्या तीन-चार शेंगांना भोकं आहेत.

पाटावरवंटा

भोकवाल्या शेंगा उघडून बघा. अळीने कुरतडलेले दाणे टाका, बाकीचे खुशाल घ्या. दाणे सोलल्यावर ज्यांचं साल जाड, पिवळट वाटेल ते कोमट पाण्यात १० मिनिटं ठेवून चिमटीने सोला. नाहीतर ते मागे राहतात आणि त्यांची वाट बघताना कोवळ्यांचं पिठलं होतं.

जून फरसबीची टरफलं शिजून मऊ होणार नाहीत, टाकून द्या. दाणे ठेवा, मात्र नुसते परतून खाऊ नका. फरसबी आणि राजमा ही एकाच जातीची पिकं, त्यामुळे कच्च्या दाण्यात तेच पोट बिघडवणारं लेक्टिन असतं. पाण्यात खळखळ उकळी आल्यापासून पूर्ण १० मिनिटं उकळा, ते पाणी ओतून द्या आणि दाणे पावट्याच्या उसळीत घाला, पहिल्या पाण्याबरोबरच.

मेथीदाणा

कढई बदलून स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घेते. उरलेली फरसबी फ्रिजमध्ये ठेवली की तिसऱ्या दिवशी तांबूस डाग पडतात, त्याचं काय?

सांडगी_मिरची

जास्त थंडी लागते. न धुता, कोरड्या पंचात गुंडाळून भाजीच्या खालच्या कप्प्यात ठेवा, वरच्या फळीवर मागे नको. तरी ३-४ दिवसांत संपवा.